ओटो फॉन गेरिके

ओटो फॉन गेरिके (३० नोव्हेंबर १६०२ – २१ मे १६८६) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, अभियंता, मुत्सद्दी आणि माग्देबुर्ग शहराचे महापौर होते. हवा बाहेर काढणारा पंप प्रथम त्यांनी तयार केला. हवेला वजन असते, ती सर्व बाजूंनी दाब देते आणि तो दाब आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा असतो, हे त्यांनी सर्वसामान्य माणसालाही पटेल अशा प्रयोगांनी दाखवून दिले. घोड्यांच्या दोन चमूंनी जोर लावूनही विलग न झालेले तांब्याचे अर्धगोल हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग होय. शालेय पाठ्यपुस्तकांतून तो ‘माग्देबुर्गचे अर्धगोल’ या नावाने परिचित आहे.

गेरिके हे कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. युद्धात बेचिराख झालेल्या आपल्या शहराची पुनर्उभारणी करणे आणि त्याचे स्वातंत्र्य टिकवणे हे त्यांच्या आयुष्याचे मुख्य काम होते. विज्ञान हा त्यातून उरलेल्या वेळेचा व्यासंग होता. त्यांचे राजकीय उद्दिष्ट अखेरीस सफल झाले नाही; मात्र त्या फावल्या वेळात केलेल्या कामामुळे त्यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात कायम राहिले.

(या लेखातील जन्म, मृत्यू आणि १६३१ मधील विध्वंस यांच्या तारखा आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार आहेत. त्या काळी माग्देबुर्गमध्ये जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू असल्याने काही ग्रंथांत या तारखा दहा दिवस आधीच्या आढळतात.)

बालपण आणि शिक्षण

ओटो यांचा जन्म एल्बे नदीच्या काठी वसलेल्या माग्देबुर्ग येथील एका प्रतिष्ठित व सधन घराण्यात झाला. या घराण्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या नगराच्या कारभारात भाग घेत असत. वडिलांचे नाव हान्स आणि आईचे नाव आना होते. वयाच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे १६१७ मध्ये, ते लाइपझिश येथील विद्यापीठात दाखल झाले. १६१८ मध्ये तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले आणि त्या युद्धाची झळ पुढे त्यांच्या शिक्षणालाही लागली. १६२० मध्ये ते हेल्मश्टेट येथे गेले. परंतु त्याच वर्षी वडिलांचे निधन झाल्याने त्यांना घरी परतावे लागले. त्यानंतर त्यांनी येना येथे कायद्याचा अभ्यास केला.

१६२३ मध्ये ते हॉलंडमधील लायडन येथे गेले. तेथील वास्तव्यात कायद्याबरोबरच गणित, यंत्रविद्या आणि तटबंदीशास्त्र हे विषय त्यांनी शिकून घेतले. शहराभोवतीची तटबंदी कशी उभारावी, पूल कसे बांधावेत, पाणी कसे उपसावे, या व्यावहारिक प्रश्नांची गोडी त्यांना येथेच लागली. पुढे पंप तयार करताना हीच विद्या त्यांच्या कामी आली. फ्रान्स आणि इंग्लंडचा प्रवास करून ते मायदेशी परतले. १६२६ मध्ये त्यांचा मार्गारेटे आलेमान यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी ते माग्देबुर्गच्या नगरसभेचे सदस्य झाले. बांधकाम आणि तटबंदी हे विषय त्यांच्याकडे आले. या दांपत्याला तीन अपत्ये झाली. त्यांपैकी हान्स ओटो हा एकच मुलगा मोठा झाला. मार्गारेटे यांच्या निधनानंतर काही वर्षांनी, १६५२ मध्ये, गेरिके यांनी डोरोथेया लेन्टके यांच्याशी दुसरा विवाह केला.

माग्देबुर्गचा विध्वंस

तीस वर्षांच्या युद्धात माग्देबुर्गने प्रोटेस्टंट पक्ष स्वीकारला होता आणि स्वीडनचा राजा गुस्टाफ आडोल्फ याच्याशी हातमिळवणी केली होती. त्यामुळे पवित्र रोमन सम्राटाच्या सैन्याने सेनापती टिली याच्या नेतृत्वाखाली शहराला वेढा घातला. २० मे १६३१ रोजी तटबंदी फुटली आणि सैन्य शहरात घुसले. लूट, कत्तल आणि आग यांत सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि बहुतेक सर्व घरे जळून गेली. पुढल्या वर्षीच्या एका गणनेत शहरात केवळ ४४९ रहिवासी उरल्याची नोंद आहे. त्या संपूर्ण युद्धातील सर्वांत भीषण घटनांमध्ये या विध्वंसाची गणना होते.

गेरिके आणि त्यांचे कुटुंब सैनिकांच्या हाती सापडले. त्यांची मालमत्ता नष्ट झाली. आनहाल्ट-क्योथेन येथील राजपुत्र लुडविग यांच्या मध्यस्थीने आणि खंडणी भरल्यानंतर त्यांची सुटका झाली. पुढील काही काळ त्यांनी एर्फुर्ट येथे स्वीडिश सैन्याकडे अभियंता म्हणून काम केले. माग्देबुर्गच्या पाडावाचा वृत्तांतही त्यांनी लिहून ठेवला. प्रत्यक्षदर्शीचा वृत्तांत म्हणून इतिहासकार त्याला आजही महत्त्व देतात.

१६३२ मध्ये ते परतले आणि पुनर्बांधणीच्या कामाला लागले. रस्ते, पूल आणि तट यांची आखणी करून त्यांनी शहराचा नवा आराखडा तयार केला. पैसा नव्हता, माणसे नव्हती आणि युद्ध अजून सोळा वर्षे चालायचे होते. त्यामुळे हा आराखडा पूर्णपणे प्रत्यक्षात उतरू शकला नाही.

महापौर आणि मुत्सद्दी

१६४६ मध्ये गेरिके यांची शहराच्या महापौरांपैकी एक म्हणून निवड झाली. त्या काळी माग्देबुर्गमध्ये एकाच वेळी चार महापौर असत आणि ते आळीपाळीने कारभार पाहत. गेरिके सुमारे तीस वर्षे या पदावर होते. तथापि त्यांचा बराच काळ शहराबाहेरच गेला. आपले शहर कोणत्याही प्रादेशिक सत्ताधीशाच्या अधीन नसून थेट सम्राटाच्या छत्राखालील मुक्त नगर आहे, अशी माग्देबुर्गची मागणी होती. ती मान्य करून घेण्यासाठी गेरिके यांनी ओस्नाब्र्युक, न्युर्नबर्ग, व्हिएन्ना आणि रेगेन्सबुर्ग येथील वाटाघाटींत वर्षानुवर्षे शहराची बाजू मांडली. दरबारांतील खोळंबा, अपुरा निधी आणि बलाढ्य शेजाऱ्यांचा विरोध यांच्याशी झगडत त्यांनी हे काम केले.

निर्वाताचा प्रश्न

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील विद्वानांमध्ये एक जुना वाद नव्याने रंगला होता. पूर्णपणे रिकामी जागा, म्हणजे निर्वात, अस्तित्वात असू शकते काय, असा तो प्रश्न होता. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या मते असे असणे अशक्य होते. निसर्गाला रिकामेपणाचा तिटकारा आहे आणि म्हणून पंपाचा दट्ट्या वर ओढताच पाणी त्याच्यामागे चढते, असे त्याच्या परंपरेतील विद्वान शिकवत. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानेही सर्व अवकाश द्रव्याने भरलेला आहे असेच प्रतिपादन केले होते.

इटलीमध्ये मात्र विहिरीवरील पंपांनी या मताला अडचणीत आणले होते. कितीही जोर लावला तरी चूषण पंपाने पाणी सुमारे १० मीटरपेक्षा वर चढत नसे. १६४४ मध्ये इव्हांजेलिस्टा तोरिचेल्ली यांनी पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी करून दाखवले की, नळीतील पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबतो. बाहेरील हवेचा भार पाऱ्याला तेवढाच तोलून धरतो, असा त्याचा अर्थ होता. १६४८ मध्ये ब्लेझ पास्काल यांच्या सूचनेवरून त्यांच्या मेहुण्याने मध्य फ्रान्समधील प्वी-द-डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली आणि उंचावर पाऱ्याची पातळी खाली येते हे सिद्ध केले.

गेरिके यांना या प्रयोगांची माहिती बऱ्याच उशिरा, १६५४ मध्ये रेगेन्सबुर्ग येथे मिळाली. ते या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने आले होते. पृथ्वी व इतर ग्रह सूर्याभोवती फिरतात हा कोपर्निकसचा सिद्धांत त्यांना मान्य होता. ग्रहांमधील एवढे विशाल अंतर कशाने भरले आहे, आणि ते कोणत्यातरी द्रव्याने भरले असेल तर ग्रह विनाअडथळा कसे फिरतात, हा प्रश्न त्यांना सतावत होता. या प्रश्नाचा निकाल तर्काने न लावता हाताने लावावा, असे त्यांनी ठरवले. एखाद्या पात्रातील सर्व काही काढून टाकता येते की नाही, हे प्रत्यक्ष करूनच पाहायचे होते.

पिंपापासून पंपापर्यंत

पहिला प्रयोग त्यांनी घरोघरी आढळणाऱ्या वस्तूवर केला. बिअरचे एक लाकडी पिंप त्यांनी पाण्याने काठोकाठ भरले, सर्व सांधे घट्ट बंद केले आणि आग विझवण्याच्या पिचकारीसारखा पितळी पंप पिंपाच्या तळाशी जोडून पाणी बाहेर ओढायला सुरुवात केली. हवा आत जाऊ शकत नसल्यामुळे पाणी निघून गेल्यावर आत रिकामी जागा उरेल, अशी त्यांची अपेक्षा होती. दट्ट्या ओढण्यासाठी धडधाकट माणसे लागली. पाणी बाहेर येऊ लागताच पिंपातून उकळल्यासारखा आवाज सुरू झाला, कारण लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरची हवा आत शिरत होती. मग त्यांनी हे पिंप पाण्याने भरलेल्या दुसऱ्या मोठ्या पिंपात ठेवले. तेव्हा हवेऐवजी पाणीच लाकडातून आत झिरपू लागले.

लाकूड निरुपयोगी ठरल्यावर त्यांनी तांब्याचा पोकळ गोळा घेतला. यावेळी त्यात पाणी न भरता थेट हवाच पंपाने बाहेर काढायची, असे त्यांनी ठरवले. आरंभी दट्ट्या सहज हलत होता. नंतर दोन माणसांनाही तो ओढवेना. जवळजवळ सर्व हवा निघाली असे वाटत असतानाच मोठा आवाज होऊन गोळा एखाद्या कापडासारखा चुरगळला. उपस्थित मंडळी भयभीत झाली. गेरिके यांनी मात्र यातून योग्य तो बोध घेतला. गोळा अचूक गोलाकार नव्हता. गोलाकार पृष्ठभागावर बाहेरचा दाब सर्वत्र सारखा वाटला जातो. जेथे तो चपटा असेल तेथे दाबाला वाव मिळतो. कमान जशी भार पेलते तसा अचूक गोळा हवेचा भार पेलेल, हे ओळखून त्यांनी अधिक काळजीपूर्वक घडवलेला गोळा वापरला आणि तो टिकला. तोटी उघडताच हवा एवढ्या जोराने आत शिरली की, आत खरोखरच फारसे काही उरले नव्हते याची खात्री पटली.

या अनुभवांच्या आधारे त्यांनी सुमारे १६५० मध्ये हवा काढणारा पंप सिद्ध केला. नळकांडे, त्यात घट्ट बसणारा दट्ट्या आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा अशी त्याची मूलभूत रचना होती. पुढे त्यात त्यांनी अनेक सुधारणा केल्या. सांध्यांतून हवा आत जाऊ नये म्हणून ते सांधे पाण्याखाली राहतील अशी व्यवस्था त्यांनी केली.

पंपासंबंधी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पंप हवेला ओढून घेत नाही. दट्ट्या मागे सरकला की पात्रातील हवा आपल्याच दाबामुळे पसरून मोकळ्या झालेल्या जागेत शिरते. प्रत्येक वेळी तिचा काही भाग बाहेर टाकला जातो. त्यामुळे पात्रातील हवा उत्तरोत्तर विरळ होत जाते, परंतु अशा पंपाने ती पूर्णतः नाहीशी होत नाही.

रेगेन्सबुर्ग येथील प्रात्यक्षिके

१६५४ मध्ये गेरिके माग्देबुर्गचे प्रतिनिधी म्हणून रेगेन्सबुर्ग येथील साम्राज्यसभेस उपस्थित होते. त्यांच्या विलक्षण प्रयोगांची वार्ता तेथे पसरली आणि सम्राट तिसरा फर्डिनांड व जमलेल्या राजपुत्रांसमोर त्यांनी ते करून दाखवले. त्यांतील एका प्रयोगात एका मोठ्या नळकांड्यात दट्ट्या बसवून त्याला दोर बांधला होता. दोर कप्पीवरून नेऊन अनेक माणसांच्या हाती दिला होता. नळकांडे आधीच हवा काढून घेतलेल्या गोळ्याला जोडून तोटी उघडताच दट्ट्या खाली जाई आणि दोर धरणारी माणसे एकदम खेचली जात. हवेचा दाब काम करू शकतो, हे या प्रयोगात स्पष्ट झाले. पुढील काळात दनी पापँ आणि टॉमस न्यूकमन यांनी याच तत्त्वाचा उपयोग केला. १७१२ मधील न्यूकमनच्या इंजिनात वाफ थंड करून निर्वात निर्माण केला जाई आणि दट्ट्याला खाली ढकलण्याचे काम वातावरणाचा दाब करी.

माइन्झचे इलेक्टर व व्युर्झबुर्गचे बिशप योहान फिलिप फॉन श्योनबोर्न यांनी ही उपकरणे विकत घेऊन व्युर्झबुर्ग येथील जेझुइट महाविद्यालयाला दिली. तेथील प्राध्यापक कास्पार शॉट यांनी १६५७ मध्ये आपल्या ग्रंथात या पंपाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्या वाचनात आले. बॉइल यांनी रॉबर्ट हुक यांच्या साहाय्याने अधिक सोयीस्कर पंप बनवला आणि त्यातून हवेच्या गुणधर्मांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

माग्देबुर्गचे अर्धगोल

घोड्यांचा सुप्रसिद्ध प्रयोग १६५४ मध्ये रेगेन्सबुर्ग येथे झाला, असे अनेक पुस्तकांत आढळते. परंतु तो काही वर्षांनी, १६५७ मध्ये, माग्देबुर्ग येथे झाला असे सामान्यतः मानले जाते. गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल तयार करवून घेतले. एकाला तोटी बसवली होती. दोहोंच्या कडांमध्ये मेण आणि टर्पेंटाइन यांत भिजवलेले चामड्याचे कडे ठेवून ते एकमेकांवर बसवले आणि आतील हवा काढून घेतली. त्यांना जोडण्यासाठी खिळा, पेच किंवा डिंक असे काहीही वापरले नव्हते. दोन्ही बाजूंना प्रत्येकी आठ घोडे जुंपले गेले, तरी अर्धगोल विलग होईनात. मोठ्या प्रयासाने ते सुटलेच, तर तोफेसारखा आवाज होई. उलट तोटी उघडून हवा आत सोडली की तेच अर्धगोल हातांनी सहज वेगळे होत. १६६३ मध्ये ब्रांडेनबुर्गचे इलेक्टर फ्रीडरिश विल्हेल्म यांच्यासाठी बर्लिन येथेही हा प्रयोग करण्यात आला.

या प्रयोगामागील गणित सोपे आहे. समुद्रसपाटीजवळ हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका दाब देते. अर्धा मीटर व्यासाच्या गोळ्याच्या वर्तुळाकार छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे आतील हवा पूर्णपणे काढल्यास असे अर्धगोल वेगळे करण्यासाठी सुमारे २,००० किलोग्रॅम वजनाइतके बल लागेल. पंपाने सर्व हवा निघत नसल्याने प्रत्यक्षात हा आकडा काहीसा कमी असे.

येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज होण्याचा संभव असतो. सोळा घोडे म्हणजे सोळा घोड्यांचे बल, असे येथे नाही. एका बाजूचे आठ घोडे सोडून तो अर्धगोल भक्कम भिंतीला बांधला असता, तरी दुसऱ्या बाजूच्या आठ घोड्यांनी तेवढाच ताण निर्माण केला असता. दुसरा चमू भिंतीचे काम करतो. तरीही समोरासमोर जुंपलेल्या दोन चमूंचा देखावा प्रेक्षकांच्या मनावर अधिक ठसला यात शंका नाही. भव्य प्रात्यक्षिकाचे सामर्थ्य दरबारांत वावरलेल्या या महापौराला चांगले ठाऊक होते.

घराच्या भिंतीवरील वायुभारमापक

पाऱ्याच्या नळीचा प्रयोग समजल्यावर गेरिके यांनी तोच पाण्याने करून पाहिला. पाणी पाऱ्यापेक्षा सुमारे साडेतेरा पट हलके असल्याने त्यासाठी १० मीटरहून उंच नळी हवी होती. त्यांनी आपल्या घराच्या भिंतीलगत अनेक मजले उंचीची पितळी नळी उभी केली आणि तिच्या वरच्या टोकाला काचेचा भाग जोडला. त्या काचेत पाण्यावर तरंगणारी लाकडी बाहुली ठेवली होती. ती आपल्या हाताने मापनपट्टीवरील खूण दाखवी. पाण्याची पातळी रोज थोडी वर-खाली होते, हे त्यांच्या ध्यानात आले. हवेचा दाब स्थिर नसून हवामानाबरोबर बदलतो, असे अनुमान त्यांनी यावरून काढले. १६६० मध्ये बाहुली एकाएकी फार खाली गेली, तेव्हा त्यांनी मोठ्या वादळाची पूर्वसूचना दिली आणि ती खरी ठरली. वायुदाबावरून केलेल्या हवामानाच्या भाकितांचे हे अगदी आरंभीचे उदाहरण आहे.

निर्वात पात्रातील प्रयोग

काचेच्या पात्रातून हवा काढून गेरिके यांनी अनेक परिचित गोष्टी तपासल्या. आत ठेवलेल्या घड्याळाच्या घंटेचा आवाज हवा कमी होत गेली तसा क्षीण होत गेला; घंटेवर पडणारा ठोका मात्र दिसत राहिला. यावरून ध्वनीला माध्यम लागते आणि प्रकाशाला हवेची गरज नसते, हे स्पष्ट झाले. मेणबत्तीची ज्योत विझली. पक्षी चोच उघडून श्वासासाठी धडपडला आणि मरण पावला. माशांची शरीरे फुगली, कारण त्यांच्या शरीरातील हवा बाहेरचा दाब कमी होताच प्रसरण पावली. द्राक्षे मात्र निर्वात पात्रात दीर्घकाळ टिकली. हवेने भरलेला गोळा आणि हवा काढलेला तोच गोळा तराजूत तोलून त्यांनी हवेला वजन असल्याचेही दाखवले.

वायुदाब आणि मानवी शरीर

गेरिके यांच्या प्रयोगांनंतर साहजिकच एक प्रश्न पुढे येतो. तांब्याचा गोळा ज्या दाबाने चुरगळतो, तो दाब माणसाला का जाणवत नाही? प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर धरल्यास तिच्यावर पडणाऱ्या दाबाची बेरीज १७ टन वजनाइतकी होते. नुसत्या तळहातावर सुमारे १०० किलोग्रॅम भार येतो. तथापि हा भार केवळ वरून येत नाही. तो सर्व बाजूंनी सारखाच असतो. तळहाताच्या खालूनही हवा तेवढ्याच बलाने वर दाबत असते. शिवाय शरीर बव्हंशी द्रव व घन पदार्थांचे बनलेले आहे आणि ते फारसे दाबले जात नाहीत. फुफ्फुसे, मध्यकर्ण आणि कवटीतील वायुकोश यांत जी हवा असते, तिचा दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो. गेरिके यांचा गोळा चुरगळला तो बाहेर दाब होता म्हणून नव्हे, तर आतून त्याला तोलणारा दाब काढून घेतला होता म्हणून.

हा समतोल ढळला की दाबाची जाणीव होते. घाटातून गाडी वेगाने चढताना किंवा विमान उतरताना कानात दडे बसतात, कारण कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब क्षणभर असमान होतो. गिळण्याची क्रिया केली की घशाकडे उघडणारी नलिका मोकळी होऊन दाब समान होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब निम्मा होतो. तेथे हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेच असले, तरी त्याचा दाब कमी असल्याने रक्तात तो पुरेसा मिसळत नाही आणि डोकेदुखी, धाप व मळमळ ही लक्षणे दिसतात. याउलट पाण्याखाली दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे पाणबुड्याच्या रक्तात व ऊतींमध्ये अधिक नायट्रोजन विरघळतो आणि तो घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे तयार होऊन जिवावर बेतू शकते. बॉइल यांनी निर्वात पात्रात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहिल्याची नोंद १६७० मध्ये केली होती. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी या सर्व परिणामांचा सविस्तर अभ्यास १८७८ मध्ये प्रसिद्ध केला.

श्वसनही वायुदाबावरच चालते. श्वासपटल खाली सरकून छाती विस्तारली की फुफ्फुसांतील दाब किंचित घटतो आणि बाहेरची हवा आत ढकलली जाते. नळीने सरबत पिताना आपण ते ओढतो असे वाटते. प्रत्यक्षात आपण नळीतील दाब कमी करतो आणि पेल्यातील सरबतावर दाबणारी हवा त्याला वर चढवते. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये औषध भरले जाणे, गुळगुळीत फरशीला रबरी चकती चिकटून राहणे, वाफेने भरलेला पत्र्याचा डबा बंद करून थंड केल्यावर चेपणे, ही सर्व गेरिके यांच्या प्रयोगांचीच घरगुती रूपे आहेत.

ग्रंथलेखन आणि विद्युतविषयक संशोधन

आपल्या संशोधनाचा ग्रंथ गेरिके यांनी १६६३ मध्ये लॅटिन भाषेत पूर्ण केला. परंतु तो प्रसिद्ध होण्यास १६७२ साल उजाडले. निर्वात अवकाशाविषयीचे माग्देबुर्गचे नवे प्रयोग अशा अर्थाचे शीर्षक असलेला हा ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याचे सात भाग असून, विश्वरचनेपासून निर्वातापर्यंत आणि ग्रहांपासून ताऱ्यांपर्यंतच्या विषयांचा त्यात ऊहापोह आहे. घोड्यांच्या प्रयोगाचे ताम्रपटावरून छापलेले प्रसिद्ध चित्र याच ग्रंथातील आहे. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते, म्हणून पृथ्वीच्या वातावरणापलीकडे अवकाश रिक्त असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ज्या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली होती, त्याचे उत्तर त्यांना अशा रीतीने मिळाले.

याच ग्रंथात गंधकाच्या गोळ्याचे वर्णन आहे. काचेच्या गोल पात्रात वितळलेले गंधक ओतून, ते थंड झाल्यावर काच फोडून गेरिके यांनी हा गोळा तयार केला आणि लोखंडी आसावर बसवला. गोळा कोरड्या हाताने घासला असता हलक्या वस्तू त्याकडे ओढल्या जात. एखादे पीस गोळ्याला स्पर्श करताच दूर ढकलले जाई आणि हवेत तरंगत राही. अंधारात गोळ्यावर मंद प्रकाशही दिसे. घर्षणाने विद्युतभार निर्माण करणाऱ्या यंत्रांचा हा पूर्वज मानला जातो. गॉटफ्रीड लाइबनिट्स यांच्याशी त्यांचा या विषयांवर पत्रव्यवहार होता.

अखेरची वर्षे

१६६६ मध्ये सम्राट पहिला लिओपोल्ड याने त्यांना सरदारपद बहाल केले. तेव्हापासून ते आपले कुलनाम नव्या वर्तनीने आणि ‘फॉन’ हा शब्द जोडून लिहू लागले. मात्र त्याच वर्षी माग्देबुर्गला ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरचे स्वामित्व मान्य करावे लागले आणि शहरात त्याची शिबंदी येऊन राहिली. मुक्त नगराचा दर्जा मिळवण्यासाठी गेरिके यांनी दोन दशके केलेल्या खटपटीचा असा शेवट झाला. १६७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वयाची पंचाहत्तरी गाठता गाठता, ते सार्वजनिक कामातून निवृत्त झाले. १६८१ मध्ये माग्देबुर्ग परिसरात प्लेगची साथ आल्याने ते हांबुर्ग येथे मुलाकडे राहण्यास गेले. तेथेच २१ मे १६८६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वारसा

गेरिके यांचा पंप आणि अर्धगोल म्युनिक येथील जर्मन संग्रहालयात जतन केलेले आहेत. माग्देबुर्ग येथे १९०७ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले असून, चंद्रावरील एक विवरही त्यांच्या नावाने ओळखले जाते. विजेचे जुने दिवे, दूरचित्रवाणीच्या जुन्या चित्रनलिका, अन्न टिकवण्याच्या निर्वात पिशव्या, थर्मास आणि कणत्वरक यंत्रे या सर्वांना हवा काढून घेण्याचे तंत्र लागते आणि त्या तंत्राचा आरंभ गेरिके यांच्या पिंपापाशी होतो.

निर्वाताचा प्रश्न शतकानुशतके ग्रंथांच्या आधारे चर्चिला जात होता. गेरिके यांनी तो पिंप, पिचकारी, घंटा, मेणबत्ती आणि घोडे यांच्या साहाय्याने चव्हाट्यावर आणला आणि लॅटिन न जाणणाऱ्या माणसालाही त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहता येईल अशी सोय केली. ज्या शहराने १६३१ मध्ये जवळजवळ सर्व काही गमावले होते, ते शहर आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांतून या अर्धगोलांच्या नावामुळे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.